आण्णांच्या मेंदूतल्या पाच जुन्या खुणा (बीपी, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि पॅरालिसिस)

कोयनाकाठ | सोमवार, रात्री १०:४०

तीन आठवडे झाले, रोज हा धागा काढायचा ठरवते आणि राहून जातं. आज लिहितेच.

आमचे आण्णा ६७ वर्षांचे. कराडजवळ गाव. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, आता रिटायर. दीड एकर ऊस आहे, पहाटे उठून मळ्यात चक्कर मारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना. गेल्या महिन्यात एका सकाळी सहा वाजता आईबरोबर चहा घेतला. अगदी नीट बोलत होते, मोटारीच्या स्टार्टरचं काहीतरी भावाला सांगितलं. सव्वासहाला पाण्याचा तांब्या उचलायला गेले आणि तो हातातून सुटला. उजवा हात. आईने वाकून तांब्या उचलला, "सांडलं तर सांडू द्या" म्हणाली. आण्णा काहीतरी बोलले, पण तोंडात गुळणी धरून बोलावं तसं. मग हळूहळू उजव्या अंगाला कलले.

गल्ली जमली. "अंगावरनं वारं गेलंय" हे सगळ्यांना लगेच कळलं. पण पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. दुसऱ्याने शेजारच्या गावातल्या लकव्याचं औषध देणाऱ्या माणसाचं नाव घेतलं. भाऊ घाबरलेला, मी पुण्यात, फोनवर नुसती ओरडतेय. ते त्या औषधवाल्याकडे गेले, तिथे पाऊण तास नंबरात बसले. मग एका दवाखान्यात सलाईन. तिथून मोठ्या हॉस्पिटलात पोचायला दहा वाजले.

सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, रक्तवाहिनी बंद झाली होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, म्हणजे पावणेअकरापर्यंत. आणि त्याआधी बीपी १८५/११० च्या खाली आणावं लागतं, नाहीतर इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. आण्णांचं होतं २१४/११८. शिरेतून औषध सुरू केलं. मी वाटेत गाडीत होते, भाऊ मला फोनवर मशीनचे आकडे वाचून दाखवत होता. २१०. २०४. २०१. पावणेअकरा वाजले तेव्हा १९८. इंजेक्शन देता आलं नाही.

पण धागा काढायचं कारण त्यापुढचं आहे. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावून मला जवळ बोलावलं. डाव्या बाजूला खोल आत एक चकचकीत पांढरा ठिपका, ११ मिलिमीटरचा. हा ताजा. मग त्यांनी पेनाचं टोक दुसरीकडे फिरवलं. बारीक काळे ठिपके, प्रत्येकाभोवती पांढरी कड. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि मेंदूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना कापूस पिंजून ठेवल्यासारखा पांढुरका पट्टा.

"ह्यांना आधी कधी पॅरालिसिस झाला होता?"

म्हटलं, कधीच नाही.

"झाला होता. निदान पाच वेळा. तुम्हाला आणि त्यांना कळला नाही एवढंच."

मी तेव्हापासून मागचं वर्ष आठवतेय. आण्णा पाय थोडे घासत चालायचे, चपलांचा आवाज यायचा. हिशेबाच्या वहीत अक्षर बारीक झालं होतं. नातवावर विनाकारण खेकसायचे, आणि एकदा भजनात चार ओळी विसरले म्हणून घरी येऊन गप्प बसले होते. आम्ही म्हणायचो, वय झालं.

बीपीची गोळी त्यांना आठ वर्षं चालू होती. सव्वा वर्षापूर्वी गावात शिबिर झालं, त्यात १२८/८० निघालं. "नॉर्मल आलंय, आता कशाला गोळी" म्हणून बंद केली. डोकं दुखलं नाही, चक्कर आली नाही, काही झालं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मला हे नीट समजून घ्यायचंय. एवढ्या वर्षांत आत नक्की काय होत होतं? इथे डॉक्टर मंडळी आहेत, कृपया सांगा. आणि ज्यांच्या घरी कुणी "मला काही त्रास नाही" म्हणून गोळी सोडलीय त्यांनी हे आजच घरी वाचून दाखवा.

---

चाफा_पांढरा | सोमवार, रात्री ११:०५

ताई, वाचून पोटात गोळा आला. आण्णा आता कसे आहेत? माझ्या बाबांची पाकिटं आत्ता जाऊन बघितली. महिन्याच्या पाकिटात अकरा गोळ्या शिल्लक. उद्या सकाळी बोलते त्यांच्याशी.

---

तालुका_फिजिशियन | सोमवार, रात्री ११:५०

कोयनाकाठ, तुमच्या घरी ऊस आहे म्हणून ठिबकच्या भाषेतच सांगतो.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं पंधरा ते वीस टक्के रक्त तो घेतो. त्याला साठा करता येत नाही, चोवीस तास चालू प्रवाह लागतो. मानेतून वर जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोठ्या, त्या मेन लाइन. मेंदूच्या पृष्ठभागावर त्या झाडाच्या फांद्यांसारख्या हळूहळू बारीक होत जातात, त्यामुळे दाबही हळूहळू उतरतो.

मेंदूच्या तळाशी मात्र रचना वेगळी आहे. तीनेक मिलिमीटरच्या जाड वाहिनीला काटकोनात अगदी बारीक, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या नळ्या फुटतात आणि सरळ मेंदूच्या गाभ्यात घुसतात. मधे टप्पा नाही. मेन लाइनला थेट मायक्रोट्यूब टोचावी तसं. मोठ्या वाहिनीतला दाब जसाच्या तसा ह्या केसासारख्या नळीवर येतो. आणि ह्या टोकाच्या वाहिन्या आहेत, एक बंद पडली तर शेजारची मदतीला येत नाही. हातापायाकडे जाणाऱ्या आज्ञांचा सगळा जुडगा ह्याच गाभ्यातून एका अरुंद पट्टीतून खाली उतरतो. म्हणून ११ मिलिमीटरच्या ठिपक्याने आण्णांची अख्खी उजवी बाजू गेली. तोच ठिपका दुसरीकडे पडला असता तर कदाचित जाणवलाही नसता. त्यांचे आधीचे पाच तसेच पडले.

दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की ह्या नळीची भिंत तग धरण्यासाठी जाड होते. जाडी आतल्या बाजूने वाढते, त्यामुळे पोकळी लहान होते. भिंतीतल्या स्नायूच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी काचेसारखा ताठर थर येतो. मग दोनपैकी एक होतं. नळी बुजते, तेवढा भाग मरतो आणि तिथे पाण्याने भरलेला बारीक खड्डा उरतो. ह्या खड्ड्याला लॅक्यून म्हणतात, तो पंधरा मिलिमीटरच्या आतला असतो. आण्णांच्या फिल्मवरचे काळे ठिपके हेच. किंवा कुजलेली भिंत फुगते आणि एक दिवस फुटते, तो ब्रेन हॅमरेज. शार्को आणि बुशार ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये मृतांच्या मेंदूत अशा वाहिन्यांवर बारीक फुगे पाहिले होते, आजही त्या फुग्यांना त्यांचंच नाव आहे. म्हणजे बुजणं आणि फुटणं हे एकाच खराब झालेल्या पाइपचे दोन शेवट आहेत.

तो पांढुरका पट्टा म्हणजे मेंदूतल्या तारांचा भाग. त्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या लांब आणि बारीक, तिथे रक्त अपुरं पडत गेलं की तारांचं वेष्टण झिजतं. पाय घासत चालणं, चिडचिड, विचाराला वेळ लागणं, लघवी थांबवता न येणं, हे सगळं तिथून येतं. "वय झालं" म्हणून आपण जे सोडून देतो त्यातलं बरंच काही बीपीचं असतं. तुम्ही चपलांचा आवाज लिहिलात ना, मी आता प्रत्येक पेशंट खोलीत येताना तो ऐकणार आहे.

---

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:१५

डॉक्टर, "एकाच पाइपचे दोन शेवट" हे वाचून थांबले. माझ्या आईचा दुसरा शेवट झाला.

ती ५४ वर्षांची होती. सोलापूरला भाचीचं लग्न, उन्हाळा, तीन दिवस धावपळ. बीपीच्या गोळ्या इथे घरी फडताळात राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून बसली, उलटी झाली आणि अर्ध्या तासात हाक मारली तरी डोळे उघडेना. कुणीतरी हा हार्ट ॲटॅक आहे असं समजून तिला ॲस्पिरिन चघळायला द्यायला निघालं होतं. माझ्या मामेभावाने हात धरला, म्हणाला आधी स्कॅनचा फोटो काढू. फोटोत मेंदूच्या गाभ्यात लिंबाएवढं रक्त होतं. ती चार दिवस होती.

एवढंच सांगायचंय की अंगावरून वारं गेलं की ते बुजलंय की फुटलंय हे घरात बसून कुणालाच कळत नाही. डॉक्टरलाही नुसतं बघून खात्री देता येत नाही. स्कॅन होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. ॲस्पिरिन तर नाहीच.

---

कोयनाकाठ | मंगळवार, सकाळी ८:०२

रानजाई, काय लिहू. तुमच्या मामेभावाने केलं ते आमच्याकडे करणारं कुणी नव्हतं. आईंबद्दल फार वाईट वाटलं.

डॉक्टर, मनापासून आभार. रात्री भावाला फोनवर वाचून दाखवलं. ठिबकचं त्याला एका क्षणात कळलं. त्याचा एक प्रश्न आहे. त्या दिवशी गावातल्या दवाखान्यात बीपी २२० आलं तर त्यांनी जिभेखाली गोळी का दिली नाही, दिली असती तर हॉस्पिटलात पोचेपर्यंत उतरलं असतं का?

---

तालुका_फिजिशियन | मंगळवार, दुपारी २:३०

नाही दिली हे आण्णांचं नशीब. हा मुद्दा मोठा आहे, पोटतिडकीने लिहितो, कारण आजही अनेक ठिकाणी ही चूक होते.

निरोगी मेंदू आपला प्रवाह आपणच सांभाळतो. सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या आकड्याच्या मधला) साधारण ६० ते १५० च्या मधे कुठेही असला तरी त्याच्या वाहिन्या आकसून किंवा सैलावून रक्त तेवढंच ठेवतात. ज्याचं बीपी वर्षानुवर्षं चढं आहे त्याचा हा पट्टा वर सरकलेला असतो. त्याच्या ताठर वाहिन्यांना जास्त दाबाची सवय झालेली असते, खालच्या दाबात त्या पुरेशा सैलावत नाहीत. अशा माणसाचं २२० एकदम १३० वर आणलं तर तुम्हाआम्हाला जो आकडा बरा दिसतो त्यात त्याचा मेंदू उपाशी पडतो.

पॅरालिसिसमध्ये तर आणखी एक गोष्ट. मेलेल्या भागाभोवती अर्धमेला भाग असतो, त्याला शेजारून झिरपणाऱ्या रक्तावर जीव धरायचा असतो. ते झिरपणं दाबावरच चालतं. म्हणून गुठळीचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतचा दाब आम्ही बहुतेक वेळा तसाच राहू देतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली, तेही शिरेतून, मोजून, मिनिटामिनिटाला बघत. रक्तस्राव असेल तर हिशेब पुन्हा वेगळा, तिथे दाब साधारण १४० कडे लवकर आणायचा असतो. तीन परिस्थिती, तीन वेगळी उत्तरं, आणि कुठली ते ठरवणार सीटी स्कॅन. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून टाकायची पद्धत पूर्वी सर्रास होती. दाब धाडकन कोसळून लोकांना पॅरालिसिस आणि हार्ट ॲटॅक आले, म्हणून ती सोडून दिली गेली.

घरच्यांनी करायचं काम एकच. शेवटचं नीट कधी दिसले ती वेळ लक्षात ठेवा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथे थेट न्या. १०८ ला फोन करा, स्ट्रोक वाटतोय असं स्पष्ट शब्दांत सांगा. तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली येतो का, एक साधं वाक्य नीट बोलता येतं का, ह्या तीन गोष्टी बघायला अर्धा मिनिट लागतो. अचानक तोल जाणं आणि अचानक एका डोळ्याने न दिसणंही त्यातच येतं. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. अशा निवडक पेशंटमध्ये तारेने गुठळी ओढून काढता येते, काहींना चोवीस तासांपर्यंतही. त्यामुळे उशीर झाला म्हणून आशा सोडून घरी ठेवू नका.

आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जाच. तो मोठ्या झटक्याचा निरोप असतो. पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे.

---

जुनी_पानं | मंगळवार, रात्री ९:२०

मी डॉक्टर नाही, इतिहास शिकवायचो. ह्या विषयावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४१ मध्ये त्यांचं बीपी १८८/१०५ होतं. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा १८६/१०८, हृदय वाढलेलं, फेल होत आलेलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल आणि स्टालिन यांच्याबरोबर बसून जगाची वाटणी ठरत होती, तेव्हा नोंद २६०/१५० अशी आहे. याल्टाचे फोटो बघा, खांद्यावर झूल टाकून बसलेला खंगलेला माणूस. १२ एप्रिल १९४५, जॉर्जिया राज्यातलं वॉर्म स्प्रिंग्ज. दुपारी त्यांचं चित्र काढणं चालू होतं. डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. ब्रूएनने बीपी घेतलं, ३०० च्या वर आणि खालचं १९०. थोड्या वेळात गेले. वय ६३.

जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान माणसाला तेव्हा कमी मिठाचं जेवण, विश्रांती आणि डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं. त्यांच्याच डॉक्टरांनी वरचा आकडा वयाला धरून आहे असं मानलं होतं. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेने हृदयविकाराच्या संशोधनासाठी कायदा केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पाच हजारांवर माणसांचा पाठपुरावा सुरू झाला. वाढलेलं बीपी ही वयाची गोष्ट नाही, तीच पॅरालिसिसची वाट आहे, हे त्या गावाने जगाला शिकवलं. लघवीवाटे मीठ काढून बीपी उतरवणारी सोपी गोळी १९५० च्या दशकाच्या शेवटी आली.

रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. मला हे दर वेळी वर्गात सांगताना भरून यायचं.

---

आजोबा_पंढरपूर | बुधवार, पहाटे ५:५०

माझं वय ७४. सर्वांचं वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे, राग मानू नये. एकदा गोळी सुरू केली की जन्माची बेडी. शरीराला सवय लागते. मी सैंधव खातो, पहाटे चालतो, एकादशी करतो. माझं बीपी १५० असतं, आणि आमच्या जुन्या डॉक्टरांनी सांगितलंय की वय अधिक शंभर चालतं. म्हणजे माझं १७४ पर्यंत ठीक. मला काडीचा त्रास नाही.

---

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ९:१०

आजोबा, राग अजिबात नाही. उलट तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत, कारण हेच शब्द आमच्या आण्णांचे होते. "काडीचा त्रास नाही." त्या पाचही वेळी त्यांना काडीचा त्रास झाला नव्हता. एवढंच मी सांगू शकते. बाकी डॉक्टर सांगतील. पण तुम्ही एकदा नीट मोजून घ्या, मी हात जोडून विनंती करते.

---

तालुका_फिजिशियन | बुधवार, दुपारी १:४५

आजोबा, नमस्कार. तुमचं चालणं सोडू नका, ते औषधच आहे.

वय अधिक शंभर हा हिशेब खरंच एकेकाळी होता, तुमच्या डॉक्टरांची चूक नाही. पण १९९१ मध्ये अमेरिकेत साठीच्या पुढच्या, फक्त वरचं बीपी १६० च्या पुढे असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला. क्लोरथॅलिडोन ह्या स्वस्तातल्या गोळीपासून सुरुवात केली. पॅरालिसिस ३६ टक्क्यांनी कमी झाला. त्या दिवसापासून हा हिशेब निकालात निघाला. २००२ मध्ये दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून बघितली गेली. चाळीस ते सत्तर वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पॅरालिसिसने मृत्यूचा धोका दुप्पट होतो. म्हणजे १३५ ला दुप्पट, १५५ ला चौपट. कुठेही अशी रेघ नाही की इथपर्यंत निश्चिंत.

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा, वाहिन्यांना त्याचा फरक कळत नाही.

सवय लागते हे मात्र मला नीट उलगडून सांगावंसं वाटतं. गोळीने बीपीचा आजार जात नाही, गोळी दाब धरून ठेवते. गोळी घेऊन १२८ येतं ते गोळीमुळे येतं. आण्णा घेत होते ती ॲम्लोडिपिन रक्तात बराच काळ टिकते, बंद केल्यावर चार-पाच दिवस बीपी बरंच दिसतं. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवायही नॉर्मल. मग ते हळूहळू चढतं आणि तोपर्यंत कुणी मोजत नसतं. धरणाचं दार धरून उभ्या असलेल्या माणसाला, पूर आला नाही म्हणून घरी पाठवण्यासारखं आहे हे. वजन उतरलं, मीठ कमी केलं तर काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, पण ते मोजत मोजत आणि डॉक्टरने करायचं.

---

देवगडची_सिस्टर | बुधवार, रात्री १०:३०

मी उपकेंद्रात आहे, सतरा वर्षं झाली. धागा दोनदा वाचला.

२०१७ मध्ये देशात बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, सुरुवातीच्या जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग होता, कोयनाकाठताई, तुमचा साताराही. प्रत्येक पेशंटचं कार्ड, ठरलेली औषधं, दर महिन्याला मोजणी. कार्डावर आकडे बघितले की गणपती आणि शिमगा कळतो मला. पाहुणे आले, मुंबईची मंडळी आली, गोळी राहिली.

माणसं गोळी का सोडतात हे मी घरी जाऊन विचारते. संपली आणि आणायला कुणी नव्हतं. पाय सुजले म्हणून घाबरले. ह्याला दुसरी गोळी बदलून मिळते, पण ते सांगायला कुणी आलंच नाही. एक आजी म्हणाली, गोळी खाल्ली की शेजारीण विचारते तुला काय झालंय. आणि सगळ्यात जास्त उत्तर तेच, काय होत नाही म्हणून.

आमच्याकडे मिठाचं विचाराल तर पावसाळाभर सुका बांगडा, सुकट, पेज आणि वर लोणचं. एक माणूस दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा, एवढंच मीठ जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी बायकांना घरात महिन्याला किती मीठ येतं ते विचारते. चार माणसांत अडीच किलो संपतं घरात. गणित त्यांचं त्या करतात, मी गप्प बसते. सुके मासे दोन पाणी धुऊन घ्या, पेजेत वरून मीठ टाकू नका, एवढं ऐकतात. मासे बंद करा म्हटलं तर कोण ऐकेल, आणि मीही सांगत नाही. मिश्रीचंही सांगते. दात घासायला म्हणून दिवसातून तीनदा तंबाखूच जाते ती तोंडात.

आणि मोजायचं कसं ते लिहिते, कारण शिबिरात घाईत होतं. चढ चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. चहा, विडी, मिश्री अर्धा तास आधी नको. लघवीला जाऊन येऊ दे. मोजताना बोलायचं नाही, आणि आपल्याकडे हेच सर्वात कठीण. दोनदा मोजा, मधे एक मिनिट थांबून. घरी मोजत असाल तर सरासरी १३५/८५ च्या वर गेली की दाखवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यात खोटं जास्त येतं.

---

चाफा_पांढरा | गुरुवार, सकाळी ११:००

सिस्टर, ते पोटॅशियमवालं मीठ दुकानात मिळतं ते चालेल का? आणि बाबांना गुडघ्यासाठी रोज पेनकिलर चालू आहे, त्याचा काही संबंध?

---

तालुका_फिजिशियन | गुरुवार, दुपारी ३:१०

सिस्टरांच्या वतीने मी. २०२१ मध्ये चीनमधल्या सहाशे गावांत सुमारे २१ हजार लोकांवर अभ्यास झाला. पाऊण भाग साधं मीठ, पाव भाग पोटॅशियम क्लोराइड. पाच वर्षांत पॅरालिसिस १४ टक्क्यांनी घटला. चांगली गोष्ट आहे. पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी पोटॅशियम वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो.

पेनकिलरचा संबंध नक्की आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेतलं तर बीपी चढतं, गोळ्यांचा असर कमी होतो, किडनीही बिघडते. बाबांना घेऊन या, म्हणजे तुमच्या जवळच्या डॉक्टरकडे न्या. जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं सांगू नका, पाकिटंच दाखवा. आणि रात्री मोठ्याने घोरत असतील, मधेच श्वास थांबत असेल तर तेही सांगा.

---

आजोबा_पंढरपूर | शनिवार, सायंकाळी ६:२०

मुलाने मशीन आणलं. सिस्टरांनी लिहिल्याप्रमाणे बसून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं. १६८, १६४, १७१, १६२, १६६, १७०. खालचं ८० च्या आसपास. सोमवारी दवाखान्यात जातोय. कोयनाकाठ, तुझ्या आण्णांना माझा नमस्कार सांग.

---

कोयनाकाठ | रविवार, रात्री ९:४५

आजोबा, आण्णांना तुमचा नमस्कार सांगितला. त्यांनी डावा हात कपाळाला लावला.

सगळ्यांनी विचारलंय म्हणून लिहिते. उजवा पाय बराच आलाय, काठी घेऊन ओट्यापर्यंत जातात. हात मागे आहे. फिजिओथेरपिस्ट रोज येतात, त्यांनी वाटीत हरभरे ठेवून एकेक उचलायला सांगितलंय. पहिल्या आठवड्यात एकही नाही. काल सात उचलले. आईने ते सात वेगळे ठेवलेत. बोलणं समजतं आता, थकले की पुन्हा जड होतं.

बीपी रोज लिहितो आम्ही. त्यांचीच कारखान्याची जुनी डायरी आहे, हजेरीची, उभ्या रेघांची. एका रकान्यात सकाळचं, एका रकान्यात संध्याकाळचं, तिसऱ्यात गोळी घेतल्याची खूण. आण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी लावली, आता स्वतःची लावायला सांगितलीय. खूण डाव्या हाताने करतात, वाकडी येते. काल १३४/८२.

आणखी एक. आठवड्यापूर्वी मशीन घरात होतं म्हणून भावाचं मोजलं. तो ४१ वर्षांचा, आयुष्यात कधी मोजलं नव्हतं. १५८/९६ आलं. वाटलं दगदगीने असेल, चार दिवस थांबून परत मोजलं, १५४, १६०, १५६. त्याचा दंड जाड आहे म्हणून सिस्टर म्हणाल्या तसा मोठा पट्टा कराडहून आणला, त्यातही १५२. उद्या सकाळी पहिला नंबर लावलाय. डायरीत आण्णांच्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं. आण्णांनी ते बघितलं आणि बोट ठेवून विचारलं, गोळी कधीपासून?